दोन मिनिटांची झलक

गेल्या हिवाळ्यात आमच्या नववीच्या वर्गाची सहल गणेशपुरीला गेली होती. गणेशपुरी हे आपल्याच भिवंडी तालुक्यातले, तानसा नदीच्या परिसरातले गाव. तेथील गरम पाण्याची कुंडे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. पाण्यातून बुडबुडे येत होते. वर पातळ वाफ तरंगत होती. मुलांनी बोटे बुडवली आणि झटकन बाहेर काढली. एकाने विचारले, "सर, खाली आग लागली आहे का?"

खाली आग नसते. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल जाते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांतून वर येते. मी हे समजावून सांगितले. पण त्या मुलाने काय केले ते लक्षात ठेवा. त्याने चार बुडबुडे पाहिले आणि जमिनीच्या पोटातली आग मनात पेटवली. या प्रसंगाची आठवण मला तासाभरातच पुन्हा झाली.

दुपारी आम्ही झाडाखाली डबे उघडले. तेवढ्यात एका मुलाने हळूच विषय काढला. अंतराळावरचा एक परदेशी चित्रपट लवकरच लागणार होता. त्याचा ट्रेलर आला होता. "सर, तुमच्या फोनवर दाखवा ना. फक्त दोनच मिनिटांचा आहे!" सहलीच्या दिवशी शिक्षकाने फार कडक राहू नये, असे माझे मत आहे. मी फोन दिला. पंधरा-वीस डोकी त्या एवढ्याशा पडद्यावर वाकली.

ट्रेलरमध्ये होते तरी काय? एक अंतराळवीर यानात एकटाच बसला आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर लहान मुलाने काढलेले एक चित्र चिकटवले आहे. तांबडा दिवा लुकलुकतो. एक जाड दरवाजा धाडकन बंद होतो. पृथ्वीवर एक बाई रेडिओसमोर बसून रडते. मग काळोख होतो आणि त्या काळोखात चित्रपटाचे नाव उमटते. बस, एवढेच.

आणि मग वाद सुरू झाला! "तो मरतो. म्हणून तर ती बाई रडते," एक मुलगा म्हणाला. "मुळीच नाही. तो सुखरूप आहे हे कळल्यामुळे ती आनंदाने रडते," एका मुलीने ठणकावून सांगितले. तिसऱ्याला रडणाऱ्या बाईशी काही देणेघेणे नव्हते. तो म्हणाला, "यानात आणखी कोणीतरी लपले आहे. नाहीतर दरवाजा बंद कोणी केला?" भिंतीवरचे चित्र त्याच्या मुलीने काढले आहे की त्याने स्वतः लहानपणी काढले होते, यावर दोन तट पडले. आवाज चढले. डबे उघडेच राहिले. एका कावळ्याने त्यातली एक चपाती पळवली, तरी कोणाचे लक्ष गेले नाही.

ज्या मुलाने विषय काढला होता, तो मात्र वादात पडला नाही. तो मला म्हणाला, "सर, मी ईदीचे पैसे जपून ठेवले आहेत. पहिल्याच दिवशी बघणार." त्याचे पैसे, त्याची हौस. पण मला थोडी काळजी वाटली. तो कोणता चित्रपट बघायला जाणार होता? दिग्दर्शकाने बनवलेला, की दोन मिनिटांवरून त्याने स्वतःच्या मनात बनवलेला?

त्या दिवसापासून मी या विषयावर वाचू लागलो. जे सापडले ते तुम्हांला सांगतो.

प्रथम 'ट्रेलर' हा शब्द पाहू. आपल्या भिवंडीत हा शब्द चित्रपटाच्याही आधी रस्त्यावर भेटतो. मुंबई-नाशिक महामार्गावरून गोदामांकडे जाणारी ती लांबलचक वाहने तुम्ही रोज पाहता. पुढे इंजिन आणि मागे ओढला जाणारा लांब सांगाडा. जो मागून ओढला जातो, तो ट्रेलर. मग प्रश्न असा की, चित्रपटाचा ट्रेलर तर चित्रपटाच्या आधी दाखवतात, त्याला 'मागून येणारा' असे नाव का?

कारण सुरुवातीला तो खरोखरच मागून येत असे. अमेरिकेत 1913 च्या सुमारास चित्रपटगृहांत मुख्य खेळ संपल्यावर पुढच्या खेळाची छोटीशी फीत दाखवू लागले. न्यूयॉर्कमध्ये मार्कस लो यांची चित्रपटगृहे होती. त्यांच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या निल्स ग्रॅन्लंड यांनी एका नाटकाच्या तालमींची अशी फीत तयार केली होती. त्याच सुमारास भागाभागांनी दाखवायचे चित्रपटही निघाले. नायिका संकटात सापडली की भाग संपे आणि पुढे काय होते ते पुढच्या आठवड्यात पाहा, असे पडद्यावर येई. पण खेळ संपला की लोक उठून घरी जातात. रिकाम्या खुर्च्यांना जाहिरात दाखवून काय उपयोग? म्हणून ती फीत खेळाच्या आधी दाखवू लागले. जागा बदलली, नाव मात्र तेच राहिले.

मराठीत ट्रेलरला आपण 'झलक' म्हणू शकतो. हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ठाऊक आहे आणि दोन्हीकडे अर्थ एकच. 'नमुना' हाही असाच दोन्ही घरचा शब्द. 'जाहिरात' या शब्दाची मात्र गंमत आहे. तो आला 'ज़ाहिर' या अरबी शब्दापासून, पण उर्दूत आपण जाहिरातीला 'इश्तिहार' म्हणतो. शब्द आपल्या घरचा, पण या अर्थाने वापरला तो शेजाऱ्याने!

आता आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट ऐका. तिच्यात अंतराळ नाही, एक वाटाण्याचा दाणा आहे. पण झलक काय करू शकते, ते या गोष्टीइतके चांगले दुसरीकडे कळत नाही.

दादासाहेब फाळके यांचे नाव तुम्हांला माहीत आहे. मुंबईच्या गिरगावात एका चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी चित्रपट पाहिला आणि असे चित्रपट आपल्या देशात का होऊ नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते 1912 च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तेथे काम शिकले, कॅमेरा विकत घेतला आणि परत आले. आता मोठा प्रश्न पैशांचा. चित्रपट म्हणजे काय हेच ज्यांना नीट ठाऊक नाही, ते लोक त्यासाठी पैसे कसे देणार? आणि फाळके यांच्याजवळ दाखवायला चित्रपट नव्हता. तो बनवायचा तर पैसे हवेत.

त्यांनी एक युक्ती केली. एका कुंडीत वाटाणा पेरला. कुंडीसमोर कॅमेरा पक्का बसवला. मग दिवसामागून दिवस, महिनाभराहून अधिक काळ, ते त्या कुंडीची थोडी थोडी चित्रे घेत राहिले. कॅमेरा जरादेखील हलला तर सगळे श्रम वाया जाणार होते. शेवटी ती फीत पडद्यावर दाखवली. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दाणा फुटला, कोंब वर आला, पाने उलगडली आणि पाहता पाहता वेल वाढली. महिन्याचे काम मिनिटभरात! ही फीत 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाते.

पाहणारे थक्क झाले. यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या स्नेह्यांनी पैसे उभे करायला मदत केली. तारण म्हणून सरस्वतीबाई फाळके यांनी आपले दागिने दिले. त्या पैशांतून 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला. 21 एप्रिल 1913 रोजी तो निमंत्रितांना दाखवला गेला आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात सर्वांसाठी लागला. 'अंकुराची वाढ' हा काही 'हरिश्चंद्रा'चा तुकडा नव्हता. त्यात ना राजा होता, ना राणी. पण पाहणाऱ्यांनी वाटाण्याच्या वेलीत पुढचा सगळा चित्रपट पाहिला. त्यांचा तर्क या वेळी बरोबर ठरला. दागिने गहाण ठेवलेल्या घरात ही किती मोठी गोष्ट होती, याची कल्पना करा.

याच चित्रपटाची दुसरी हकीकत पाहा. सुरतेत 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा पहिल्या दिवशीचा गल्ला जेमतेम तीन रुपये झाला, असे सांगतात. तेथील लोकांना तासन् तास चालणाऱ्या नाटकांची सवय होती. एवढ्या थोड्या वेळाच्या खेळाला पैसे कोण देणार? तेव्हा फाळके यांनी जाहिरात केली की, या खेळात सत्तावन्न हजार छायाचित्रे आहेत, चित्र दोन मैल लांब आहे आणि तिकीट फक्त तीन आणे! लोकांची गर्दी झाली.

आता वही काढा आणि माझ्याबरोबर हिशेब करा. चित्रपटाच्या फितीच्या एका फुटात 16 चित्रे मावतात. 57,000 ला 16 ने भागा. उत्तर येते सुमारे 3,562 फूट. एका मैलात 5,280 फूट असतात. म्हणजे फीत दोन मैल तर सोडाच, पाऊण मैलही भरत नाही! चित्रांचा आकडा पटण्यासारखा आहे, मैलांचा नाही. कदाचित मुख्य खेळाबरोबर दाखवायच्या लहान फितीही त्यांनी मोजल्या असतील. पण मला वाटते, दादासाहेबांनी मैल जरा सैल हाताने मोजले. जाहिरातीचा स्वभावच तो आहे. आणि सुरतेच्या त्या गर्दीत फूटपट्टी घेऊन कोण आले होते?

फाळके यांच्या काळापासून आजपर्यंत एक गोष्ट बदललेली नाही. झलक अर्धीच असते. उरलेली अर्धी पाहणारा स्वतः भरतो. तो ती कशी भरतो, हे रशियातील एका दिग्दर्शकाने दाखवून दिले. त्यांचे नाव लेव्ह कुलेशॉव. सुमारे शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्यांनी एका नटाच्या चेहऱ्याचे एकच चित्रण घेतले. चेहऱ्यावर विशेष कोणताही भाव नव्हता. त्या चेहऱ्याला त्यांनी वेगवेगळी दृश्ये जोडली. एकदा सूपने भरलेली थाळी, एकदा शवपेटी. पाहणारे म्हणाले, काय अभिनय आहे! थाळीकडे पाहताना चेहऱ्यावर भूक दिसते आणि पेटीकडे पाहताना दुःख. चेहरा तोच होता मित्रांनो, अगदी तोच तुकडा! भूक आणि दुःख पाहणाऱ्यांच्या मनातून आले होते.

फितीचे तुकडे निवडून एकापुढे एक जोडण्याच्या कामाला 'संकलन' म्हणतात आणि ते करणाऱ्याला 'संकलक'. ट्रेलरचा संकलक दोन तासांच्या चित्रपटातून दोन मिनिटे निवडतो. चित्रपटाच्या सुरुवातीचा दरवाजा आणि शेवटचे रडणे तो शेजारी शेजारी ठेवू शकतो. मग आपण म्हणतो, दरवाजा बंद झाला म्हणून बाई रडली. हा 'म्हणून' पडद्यावर कोठेच नसतो. संगीताचेही तसेच. पुष्कळदा चित्रपटाचे संगीत तयार होण्याआधीच ट्रेलर निघतो. 'स्टार वॉर्स' हा प्रसिद्ध अंतराळपट मे 1977 मध्ये लागला. त्याची पहिली झलक 1976 मध्येच आली होती आणि जॉन विल्यम्स यांचे जे संगीत पुढे जगभर गाजले, ते त्या झलकेत नव्हते. ते ध्वनिमुद्रित झाले 1977 च्या मार्चमध्ये! (अंतराळात हवा नसल्यामुळे आवाज पोहोचत नाही, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. तरी प्रत्येक अंतराळपटात याने धडाधड फुटतात. ते आपण मुकाट्याने ऐकून घेतो.)

'स्टार वॉर्स'चा उल्लेख आला आहे, तर त्याच्या चाहत्यांकडे वळू. चाहता म्हणजे नुसता प्रेक्षक नव्हे. प्रेक्षक चित्रपट पाहतो आणि विसरतो. चाहता त्याची वाट पाहतो, त्याबद्दल बोलतो आणि त्याच्यासाठी भांडतोही. जॉर्ज लुकास यांच्या या चित्रपटमालेचा तिसरा भाग 1983 मध्ये आला आणि नंतर सोळा वर्षे नवा भाग आला नाही. 1998 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील काही चित्रपटगृहांत पुढच्या भागाची झलक दाखवणार, अशी बातमी आली. ही झलक दुसऱ्याच चित्रपटांच्या आधी दाखवायची होती. त्यांत 'मीट जो ब्लॅक' नावाचा एक तीन तासांचा चित्रपट होता. चाहत्यांनी त्याचे पूर्ण तिकीट काढले, दोन मिनिटांची झलक पाहिली, टाळ्या वाजवल्या आणि मुख्य चित्रपट सुरू होताच ते उठून बाहेर गेले! ज्यांनी तीन तासांचा चित्रपट खपून तयार केला, त्यांना काय वाटले असेल?

मे 1999 मध्ये तो नवा भाग लागला. तिकिटांसाठी लोक रांगांत दिवसरात्र बसले होते. पण अनेकांची निराशा झाली. सोळा वर्षे त्यांनी मनात जो चित्रपट बनवला होता, तो हा नव्हता. चित्रपट काही सर्वांगसुंदर नव्हता, हे खरे. पण निराशेला कोणीतरी धनी लागतो. चाहत्यांना तो सापडला जार जार बिंक्स या विनोदी पात्रात. लांब कानांचे, धडपडणारे हे पात्र संगणकाने रंगवले होते, पण त्याच्या मागे एक जिवंत नट होता. अहमद बेस्ट त्याचे नाव. वय पंचविशीचे. जारचे चालणे, वळणे, बोलणे त्याचे होते. त्याच्यावर इतकी टीका झाली, इतकी टिंगल झाली की त्याला जीव नकोसा झाला होता. ही गोष्ट त्याने जगाला सांगितली ती 2018 मध्ये, जवळजवळ वीस वर्षांनी. पुढे 2023 मध्ये त्याच कथामालेच्या दूरचित्रवाणीवरील एका भागात तो लहान मुलाला वाचवणाऱ्या वीराच्या भूमिकेत आला. तेव्हा चाहत्यांनी त्याचे भरभरून कौतुक केले. टिंगल करणाऱ्यांपैकी काही जण या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांत असतीलच. मधली वीस वर्षे मात्र त्याची एकट्याची होती.

2014 च्या नोव्हेंबरात याच मालेच्या आणखी एका भागाची झलक आली. लांबी दीड मिनिटाहूनही कमी. पहिल्याच दृश्यात वाळवंट दिसते आणि त्यातून घामाघूम झालेला एक तरुण सैनिक एकदम वर येतो. पांढरे चिलखत घातलेला हा तरुण कृष्णवर्णीय होता. जॉन बोयेगा हा तो नट. एवढ्यावर काही लोकांनी आक्षेप घेतला की, असे सैनिक काळे कसे असतील? दीड मिनिटाच्या झलकेतून त्यांना तेवढेच दिसले! बोयेगाने चाहत्यांचे आभार मानले आणि आक्षेप घेणाऱ्यांना, सवय करून घ्या, अशा अर्थाचे दोन शब्द सुनावले. मला हे उत्तर आवडले.

बाकीचे चाहते वेगळ्याच गोष्टींत गुंतले होते. खलनायकाच्या तेजस्वी तलवारीच्या मुठीला दोन बाजूंना दोन छोटी पाती होती. त्या पात्यांनी त्याचा स्वतःचाच हात कापणार नाही का, यावर मोठमोठ्या माणसांनी तावातावाने चर्चा केली. चेंडूसारखा घरंगळणारा एक यंत्रमानवही दिसला. बहुतेकांनी ठरवून टाकले की, ही संगणकाची करामत. पण 2015 च्या एप्रिलमध्ये चाहत्यांच्या मेळाव्यात तो यंत्रमानव खराखुरा रंगमंचावर घरंगळत आला आणि सभागृह दणाणून गेले. तर्क चुकल्याचा एवढा आनंद क्वचितच कोणाला झाला असेल.

कधी कधी तर झलकेत दिसलेले दृश्य चित्रपटात नसतेच. 2016 च्या 'रोग वन' या अंतराळपटाच्या ट्रेलरमध्ये नायिका उंच मनोऱ्यावर उभी आहे आणि तिच्यासमोर शत्रूचे यान हळूहळू वर येते, असे दृश्य होते. चाहते त्या क्षणाची वाट पाहत बसले. चित्रपट संपला, दिवे लागले, तो क्षण आलाच नाही. ट्रेलर आधी निघतो आणि चित्रपटाची काटछाट शेवटपर्यंत चालू असते.

हे सगळे परदेशातले झाले. आपल्याकडे अंतराळावर चित्रपट फार थोडे निघाले. त्यांतला एक तुम्ही पाहिला असेल, 'मिशन मंगल'. आपले मंगळयान 5 नोव्हेंबर 2013 रोजी निघाले आणि 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळाभोवती फिरू लागले. त्या कामावर हा हिंदी चित्रपट बेतला होता. 2019 च्या जुलैत त्याची जाहिरात सुरू झाली. 18 जुलैला ट्रेलर आला आणि 22 जुलैला चंद्रयान-2 आकाशात झेपावले. लोकांचा उत्साह शिगेला पोहोचला होता. पण भित्तिचित्र पाहून अनेकजण नाराज झाले. चित्रपट महिला शास्त्रज्ञांचा आणि सर्वांत मोठा चेहरा अक्षय कुमारचा! पाच अभिनेत्रींचे चेहरे त्यामानाने लहान. नावाजलेल्या नटाच्या नावावर तिकिटे खपतात, हा बाजाराचा हिशेब त्यामागे होता. नाराजी रास्त होती. भित्तिचित्रावर कोण मोठा आणि कोण लहान, हा तर्क नव्हे. ते सरळ डोळ्यांना दिसते.

चित्रपट लागल्यावर मात्र त्यात बरेच काही असे निघाले की जे भित्तिचित्रावर मावले नव्हते. त्यात नेहा सिद्दीकी नावाची एक तरुण शास्त्रज्ञ आहे. कीर्ती कुल्हारी हिने ती भूमिका केली. मंगळावर यान पाठवणाऱ्या या मुलीला बेंगळूरूमध्ये भाड्याने घर मिळत नाही, कारण तिचे नाव. आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीला चित्रपटातले यान, उड्डाण, काही आठवत नाही. तिला नेहाचे घर शोधणे तेवढे आठवते. तिने सांगितले, "सर, ती काहीच बोलत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जाते."

आणि खऱ्या मंगळयानाची ही हकीकत ऐका. यान मंगळाजवळ पोहोचले त्या दिवशी इस्रोमधील एक छायाचित्र जगभर गाजले. रेशमी साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या महिला हसत एकमेकींचे अभिनंदन करत होत्या. सगळे म्हणाले, या पाहा मंगळयानाच्या शास्त्रज्ञ! नंतर इस्रोने खुलासा केला की, छायाचित्रातल्या महिला कार्यालयीन कर्मचारी होत्या. पण मंगळयानावर अनेक महिला शास्त्रज्ञांनी काम केले होते, हेही तितकेच खरे. रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ, मौमिता दत्ता ही त्यांतली काही नावे. पाहा, गोष्ट खरी होती आणि चित्रही खरे होते, पण हे त्या गोष्टीचे चित्र नव्हते!

आता पुन्हा गणेशपुरीला येऊ. त्या झाडाखाली वाद मिटेना, तेव्हा मी सगळ्यांना एक काम दिले. प्रत्येकाने कागदावर दोन रकाने आखायचे. एकात लिहायचे 'पाहिले' आणि दुसऱ्यात 'तर्क'. ट्रेलरमध्ये जे डोळ्यांनी दिसले ते पहिल्या रकान्यात आणि जे आपण मनाने जोडले ते दुसऱ्यात. मुले लिहू लागली. ठणकावून बोलणाऱ्या त्या मुलीचा दुसरा रकाना कोराच राहिला. मी विचारले, "तर्क का लिहिले नाहीस?" ती म्हणाली, "सर, मी तर काहीच सोडले नाही!"

क्षणभर मला कळेना. मग हसू आले. उर्दूत 'तर्क करना' म्हणजे सोडून देणे. मराठीत 'तर्क करणे' म्हणजे अंदाज बांधणे. चूक तिची नव्हती, माझी होती. शब्द समजावून न सांगता मी रकाना आखायला लावला होता. तुम्हीही हा शब्द लक्षात ठेवा. परीक्षेत तो नक्की फसवतो.

तिने पुन्हा लिहायला घेतले. 'बाई रडते' हे पहिल्या रकान्यात गेले. 'आनंदाने' हा शब्द तिने लिहिला, खोडला, पेन्सिल तोंडात धरून थोडा वेळ विचार केला आणि शेवटी तो दुसऱ्या रकान्यात ठेवला. तिच्या विरुद्ध बाजूच्या मुलाने 'तो मरतो' हे शब्द पहिल्या रकान्यातून काढायला बराच वेळ लावला. "पण सर, दिसते ना ते!" तो म्हणत राहिला. मी ट्रेलर पुन्हा दाखवला. मरताना कोणीच दिसले नाही. चिडून त्याने ते शब्द दुसरीकडे लिहिले. दरवाजावाल्या मुलाच्या दुसऱ्या रकान्यात मात्र सतरा ओळी झाल्या. मला वाटते, तो पुढे गोष्टी लिहील.

सगळ्यांत शेवटी कागद दिला तो ईदीचे पैसे जपून ठेवणाऱ्या मुलाने. त्याच्या दुसऱ्या रकान्यात एकच वाक्य होते: 'चित्र त्याच्या मुलाने काढले आहे आणि तो परत येईल.' मी काही बोललो नाही. त्याचे वडील सौदी अरेबियात नोकरीला आहेत, हे मला ठाऊक होते. बसमध्ये तो खिडकीशी बसला होता. मी त्याला विचारले, "आणि तो परत आलाच नाही, तर?" तो म्हणाला, "तरी बघणार, सर. पण आता मी मोठ्या भावाबरोबर जाईन."

ते सगळे कागद मी एका लिफाफ्यात घालून बंद केले आहेत. लिफाफा शाळेत माझ्या कपाटात आहे. चित्रपट पाहून झाल्यावर तो वर्गात उघडायचा, असे आमचे ठरले आहे. दरवाजावाला मुलगा रोज येऊन विचारतो की, आपल्या कागदात आणखी एक ओळ घालता येईल का.